मानमोडी, लस आणि खड्डा

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘मानमोडीची साथ’ आली की समजावे, १९१८ सालाबद्दल बोलणे चालले आहे. त्या वर्षी इन्फ्लुएंझाने देशभरात किती माणसे नेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण सगळेच एक कोटीच्या वरचे आहेत. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होती. मात्र ज्या घराच्या परसात खुराडे आहे त्या घरात मानमोडीचा अर्थ वेगळा. तिथे मानमोडी म्हणजे कोंबड्यांची मर. हिरवट-पांढरी हगवण लागते, कोंबडी चोच उघडी टाकून घरघर श्वास घेते, पंख लोंबतात, आणि मरता मरता मान पिळवटून पाठीवर जाते. पशुवैद्यकाच्या पुस्तकात या रोगाला राणीखेत म्हणतात, जगाच्या पुस्तकात न्यूकॅसल.

हिंगोली जिल्ह्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीची बरीच वर्षे गेली. गावोगावी हा शब्द ऐकला. एकाच नावाने माणसांची साथ आणि कोंबड्यांची साथ ओळखली जावी याचे कुतूहल तेव्हापासूनचे. दोन्ही आजार श्वासाच्या वाटेने पसरतात, दोन्ही काही दिवसांत घर रिकामे करतात, म्हणून लोकांनी एकच नाव दिले असेल. शास्त्राच्या दृष्टीने मात्र हे दोन विषाणू वेगळ्या कुळांतले आहेत. गंमत अशी की हा घोटाळा एकट्या मराठीने केलेला नाही. युरोपातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही तो उलगडायला बरीच वर्षे लागली.

तो इतिहास थोडक्यात असा. १८७८ मध्ये इटलीत पेरोन्चितो याने कोंबड्यांच्या एका भयंकर साथीचे वर्णन केले. तिला पुढे ‘फाउल प्लेग’ म्हणजे कोंबड्यांचा प्लेग असे नाव पडले. मग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये न्यूकॅसल-अपॉन-टाइन या बंदराच्या परिसरात कोंबड्या धडाधड मेल्या. जावातल्या साथीची नोंद क्रॅनेव्हेल्डने केली, इंग्लंडमधल्या साथीची डॉयलने. सगळ्यांना वाटले, हा तोच जुना प्लेग. डॉयलने साधा प्रयोग केला. जुन्या प्लेगमधून वाचलेल्या, म्हणजे त्या रोगाची प्रतिकारशक्ती असलेल्या कोंबड्यांना त्याने नव्या रोगाची लागण करून पाहिली. जुन्या रोगाची ढाल नव्या रोगापुढे चालली नाही. रोग वेगळा ठरला. लांबलचक वर्णनात्मक नाव टाळायचे म्हणून त्याने गावाचे नाव तात्पुरते दिले, आणि तेच कायमचे चिकटले. जुन्या प्लेगचे खरे स्वरूप कळायला १९५५ साल उजाडले. तो विषाणू इन्फ्लुएंझाचाच आहे हे जर्मनीतल्या वर्नर शेफरने दाखवले. म्हणजे कोंबडीच्या ज्या आजाराला आपण मानमोडी म्हणतो तो इन्फ्लुएंझा नव्हे. कोंबडीचा खरा इन्फ्लुएंझा आपल्याकडे २००६ पर्यंत नोंदलाच गेला नव्हता, त्यामुळे त्याला गावाकडचे नाव मिळाले नाही. तो आला तो ‘बर्ड फ्लू’ हे नाव घेऊनच.

भारतात हा न्यूकॅसल रोग ओळखला गेला कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत इथे. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे प्रमुख जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि तेही गावाच्या नावाने. ही मुक्तेश्वरची संस्था मूळची आपल्या पुण्याची, हे फार कमी जणांना ठाऊक असते. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. चिंता होती ती गुरांच्या बुळकांड्याची. रोगजंतूंवर काम करायचे तर ते वस्तीपासून दूर आणि थंड हवेत करावे म्हणून १८९३ मध्ये बिऱ्हाड मुक्तेश्वरला हलले. पुणे त्या काळी इतके गजबजलेले वाटत होते, हे आज वाचताना हसू येते.

बुळकांड्याची लस करताना मुक्तेश्वरच्या मंडळींच्या हाताला एक युक्ती बसली होती. विषाणू एका जातीच्या प्राण्यातून पुन्हा पुन्हा फिरवत नेला की तो मूळ प्राण्यासाठी सौम्य होत जातो. एडवर्ड्सनी गुरांचा विषाणू शेळीतून फिरवला होता. कोंबडीच्या बाबतीत हे काम अंड्यात झाले. अय्यर या भारतीय शास्त्रज्ञाने डॉब्सन यांच्यासह १९४० मध्ये अंड्यातून फिरवून सौम्य केलेल्या विषाणूने कोंबड्या वाचतात हे प्रसिद्ध केले, तो वाण इंग्लंडमधला. त्यानंतर मुक्तेश्वरला हॅडो आणि इदनानी यांनी देशी वाणावर तेच काम केले आणि १९४६ मध्ये ते छापून आले. नऊ-दहा दिवसांच्या उबवलेल्या अंड्याला बारीक छिद्र पाडायचे, विषाणू आत सोडायचा, गर्भ मेला की त्यातला द्रव पुढच्या अंड्यात. कोंबडीचा जीव वाचवणारी लस अशी कोंबडीच्या पिल्लातच तयार होते, आजही. मुक्तेश्वरचा हा वाण आपल्या दवाखान्यांत ‘आर-टू-बी’ नावाने येतो. सहा-आठ आठवड्यांच्या तलंगीला तो कातडीखाली टोचला की दीर्घकाळ संरक्षण मिळते. त्याहून लहान पिल्लाला दिला तर लसच रोग होऊन बसते, इतका तो अजून तिखट आहे.

म्हणून पिल्लांसाठी दुसरी लस लागली. ती अमेरिकेतून आली. न्यू जर्सीत लासोटा नावाच्या एका कोंबडीवाल्याच्या फार्मवर १९४६ मध्ये ब्यूडेट या शास्त्रज्ञाला असा विषाणू सापडला की जो मुळातच सौम्य होता. कोंबड्यांना थोडी सर्दी व्हायची आणि त्या बऱ्या व्हायच्या. त्या शेतकऱ्याचे नाव आज कळमनुरीच्या औषधाच्या दुकानातही चालते. ‘लासोटा आहे का?’ एवढेच विचारले जाते. हिचनर यांचा ‘बी-वन’ आणि ब्रिटनचा ‘एफ’ हे त्याचेच भाऊबंद.

या सगळ्या लशींचा शोध लागला तेव्हा आपल्याकडे हजारांच्या शेड जवळजवळ नव्हत्या. मुक्तेश्वरच्या माणसांसमोर होती ती खेड्यातली, उकिरड्यावर टिपणारी कोंबडी. शेडची कोंबडी नंतर आली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत केंद्र सरकारची पैदास केंद्रे निघाली, त्यातले एक मुंबईच्या आरे वसाहतीत. पुढे १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि तिचा कारभार पुण्यात रुजला. परदेशी जातीची पिल्ले, खाद्य, औषध आणि लस असा सगळा संच एका छताखाली आला. त्यातून मराठवाड्यापर्यंत करारपद्धत पोचली. शेड, वीज, पाणी आणि मजुरी शेतकऱ्याची. पिल्ले, खाद्य आणि लस कंपनीची. सुमारे चाळीस दिवसांत बॅच निघते आणि किलोमागे ठरलेला पालनखर्च मिळतो. वसमतकडे हळदीच्या पैशातून अशा शेड उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

या शेडमध्ये लसीकरण करताना पाहणे हा अनुभव आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की त्याच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब. आईकडून अंड्यातल्या बलकातून आलेली प्रतिपिंडे पहिल्या दिवसांत शाबूत असतात. लस फार लवकर दिली तर तीच प्रतिपिंडे लशीला खाऊन टाकतात, फार उशिरा दिली तर रोग आधी पोचतो. थेंब डोळ्यात टाकण्याचे कारण असे की डोळ्याच्या मागच्या ग्रंथीत आणि नाकाच्या आतल्या आवरणात तिथल्या तिथेच पहारा उभा राहतो, आणि हा रोग शिरतो तो त्याच दाराने. हवेत प्रकाश मंद केलेला, पिल्ले एका कोपऱ्यात रेटलेली, चार मजूर बसून एकेक पिल्लू उचलताहेत, मुलगी थेंब टाकते आहे, पिल्लाने डोळा मिटून उघडला की पलीकडे सोडते आहे. पाच हजार पिल्ले दोन-तीन तासांत. नंतरची मात्रा पाण्यातून. तासभर पाणी तोडायचे, मग पाण्यात दुधाची पावडर कालवायची, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवंत लशीला मारते आणि दूध त्या क्लोरीनला गिळते. तहानलेल्या कोंबड्या एका दमात पितात.

राणीखेतबरोबरच बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या एका विषाणूची लस दिली जाते, श्वासनलिकादाहाची. तो रोग १९३१ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यातून पहिल्यांदा नोंदला गेला आणि त्याचा विषाणू हा माणसाला सापडलेला पहिला कोरोना विषाणू. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मोबाइलवर अफवा उठली की कोंबडीतून कोरोना होतो, आणि ब्रॉयलरचे भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेले. लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या. कोंबडीचा तो कोरोना माणसाला होत नाही आणि त्याची लस तर आपण वर्षानुवर्षे वापरतो आहोत, हे तेव्हा कुणाला सांगणार? सांगणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहत होते.

शेडच्या लसीकरणाने मरतूक खाली आली यात वाद नाही. पण लस म्हणजे रोग संपला असे नाही, आणि हे समजल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. लस घेतलेली कोंबडी मरत नाही. विषाणू मात्र तिच्या घशात आणि विष्ठेत काही दिवस राहू शकतो. लासोटा हा १९४० च्या दशकातला वाण. शेतात फिरणारा विषाणू तेव्हापासून बराच बदलला आहे. जुन्या लशीने कोंबडी वाचते, नव्या विषाणूचा प्रवास पुरता थांबत नाही. शेडमध्ये याने फार बिघडत नाही, कारण तिथे प्रत्येक पक्ष्याला लस आहे. पण शेडमधून निघालेला ट्रक, पिंजरा, खाद्याचे पोते, सुपरवायझरची मोटारसायकल ज्या रस्त्याने जाते, त्याच रस्त्याच्या कडेला खुराडे आहे आणि त्यातल्या कोंबडीला लस नाही.

का नाही? मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे, आणि माझ्या मते उत्तर फार साधे आहे. कुपीच्या आकारात. माझ्या हाताखालून गेलेली राणीखेतची लहानात लहान कुपी शंभर मात्रांची होती. कंपन्यांच्या तर पाचशे, हजार, दोन हजारांच्या. कुपी फोडून द्रावण केले की दोन तासांत संपवावी लागते आणि तोपर्यंत बर्फात ठेवावी लागते. पाच हजारांच्या शेडला यात काही अडचण नाही. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर, जिथे दहा घरांत मिळून साठ कोंबड्या, तिथे शंभर मात्रा म्हणजे चाळीस मात्रांची नासाडी आणि तिचा हिशेब. त्यात कोंबडी दवाखान्याच्या वेळेत सापडत नाही. सकाळी दहाला मी पोचेपर्यंत ती उकिरड्यावर, कुंपणात, बाभळीवर. ती हाताशी येते पहाटे खुराड्याचे दार उघडण्याआधी किंवा दिवेलागणीला. ज्या वेळी कोंबडी घरी, त्या वेळी दवाखाना बंद.

पूर्वी शिबिरे व्हायची, हे सांगितले पाहिजे. पुण्यात औंधला पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था या लशी करते आणि तिथून त्या जिल्ह्याला येतात. पावसाळ्याच्या आधी थर्मासमध्ये कुपी घेऊन आम्ही गावे धरायचो. एका गावात मी पोचलो तेव्हा मर सुरू होऊन दोन दिवस झाले होते. एक म्हातारी म्हणाली, “डॉक्टर, आता कशाला आलाव? मान टाकायल्यात समद्या.” रोग अंगात शिरल्यावर लस काही करत नाही. तिने उरलेल्या चार कोंबड्या आदल्या दिवशी बाजारात विकल्या होत्या. चुकीचे काही नव्हते त्यात. मरणाऱ्या कोंबडीचे चार पैसे करणे हाच तिचा विमा. पण बाजारातून त्या चार कोंबड्या कुठल्या चार गावांना गेल्या असतील!

परसातली कोंबडी हा बायकांचा पैसा आहे. अंडी विकून आलेले पैसे सहसा घरधन्याच्या खिशात जात नाहीत. त्यातून मीठ-मिरची येते, मुलीची वही येते, आखाडात पाहुणा आला तर कोंबडे कापले जाते. २०१९ च्या पशुगणनेत देशात एकूण ८५.१८ कोटी कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यातले ३१.७१ कोटी परसातले. आधीच्या गणनेपेक्षा शेडमधले पक्षी साडेचार टक्क्यांनी वाढले, परसातले जवळजवळ शेहेचाळीस टक्क्यांनी. परसातली कोंबडी मागे पडत चालली आहे असे समजून धोरण आखणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

उपाय नव्हता असेही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला स्प्रॅडब्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णता सहन करणारे लशीचे वाण, ‘व्ही-फोर’ आणि मग ‘आय-टू’, खेड्यातल्या कोंबडीसाठीच विकसित केले. मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातल्याच बायकांनी ठरावीक दिवशी घरोघर जाऊन कोंबडीमागे थोडे पैसे घेऊन डोळ्यात थेंब टाकण्याची पद्धत रुजवली. तिथे बर्फाची सक्ती सैल झाली आणि दवाखान्याची वेळही आडवी आली नाही. माझ्या नोकरीच्या काळात ती लस आमच्या दवाखान्याच्या फ्रीजपर्यंत कधी आली नाही.

आता २००६. नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर हे गुजरातच्या सीमेवरचे गाव. रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग या राज्यात, अर्धा त्या. अंड्यांच्या मोठमोठ्या फार्मसाठी ते प्रसिद्ध. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे कोंबड्या मरू लागल्या तेव्हा फार्मवाल्यांना वाटले राणीखेत आहे. उद्योगातले काही मोठे लोक तर नंतरही तेच म्हणत राहिले. ऐंशी वर्षांपूर्वी न्यूकॅसलला झालेला घोटाळा इथे उलट्या बाजूने झाला. तिथे नव्या रोगाला जुना प्लेग समजले होते, इथे प्लेगलाच मानमोडी समजले. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झाले की हा एच५एन१, भारतातली पहिली नोंद. पांढऱ्या पोशाखातली पथके उतरली, खड्डे खणले गेले, कोंबड्या मारून चुन्यासह पुरल्या गेल्या. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांतही विषाणू निघाला. दोन-तीन महिन्यांत महाराष्ट्र आणि लगतच्या भागात मिळून दहा लाखांच्या आसपास पक्षी मारले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या माणसांच्या नमुन्यांत एकही रुग्ण निघाला नाही.

इथे दोन वाटा फुटल्या. राणीखेतला लस, बर्ड फ्लूला खड्डा. दोन्ही श्वासाचे विषाणू, दोन्हींवर लस करता येते. चीनने या शतकाच्या पहिल्या दशकातच बर्ड फ्लूची लस कोट्यवधी पक्ष्यांना टोचायला घेतली. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस सुरू केली, तर अमेरिकेने लगेच तिथल्या कोंबडी-बदकांच्या आयातीवर बंधने घातली. भारताने लस नाकारली. कारण तेच, जे राणीखेतने शिकवले: लस घेतलेला कळप मरत नाही, पण आत विषाणू गुपचूप फिरत राहू शकतो, आणि हा विषाणू माणसाला मारू शकतो. मेलेली कोंबडी निदान बोभाटा करते. हा युक्तिवाद मला पटतो. त्याची किंमत कोण मोजतो हा मुद्दा वेगळा आहे.

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निश्चित झाला. १९९९ पर्यंत आम्ही याच जिल्ह्यात होतो. औंढा आणि वसमतच्या माणसांचे सोयरे तिकडेच. नियम असा की केंद्रापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. सरकार भरपाई देते ती पथकाने मारलेल्या पक्ष्याची. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्याची नाही. म्हणजे जो लवकर खबर देतो त्याचे जिवंत पक्षी मोजले जातात, जो उशीर करतो त्याचे आधीच गेलेले असतात. कागदावर हे शहाणपणाचे आहे. पण जिच्या घरी सात कोंबड्या आहेत आणि दर पावसाळ्यात मानमोडीने चार जातातच, तिने चार मेल्या म्हणून तालुक्याला खबर द्यावी, ही अपेक्षा मला कठीण वाटते. तिच्या अनुभवात कोंबड्या मरणे ही बातमी नाही. लसीकरण न झालेल्या गावात बर्ड फ्लू मानमोडीच्या गर्दीत लपतो. राणीखेतची लस घरोघर पोचली असती तर अवचित मेलेल्या कोंबड्या वेगळ्या उठून दिसल्या असत्या. बर्ड फ्लूच्या पाळतीचे पैसे राणीखेतच्या कुपीवर खर्च करा, असे मी एका बैठकीत म्हणालो होतो. चहा आला आणि विषय बदलला.

मधल्या काळात इन्फ्लुएंझाचा एक सौम्य भाऊ, एच९एन२, शेडमध्ये मुरला. तो कोंबड्या फारशा मारत नाही, अंडी कमी करतो आणि दुसऱ्या रोगांना दार उघडून देतो. २०२२ मध्ये भोपाळच्या संस्थेने त्याच्यावरची पहिली देशी लस तयार करून चार कंपन्यांना तंत्र दिले. त्यांत पुण्याची व्यंकटेश्वराही आहे. ही लस मारलेल्या विषाणूची, एकेका पक्ष्याला सुईने टोचायची. चाळीस दिवसांच्या ब्रॉयलरला ती परवडणे कठीण; वर्षाहून जास्त जगणाऱ्या अंड्याच्या आणि पैदाशीच्या कोंबडीसाठी ती आहे.

जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत एच५एन१ निघाला. नागपूरच्या गोरेवाड्यात त्याच हिवाळ्यात तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूने गेले होते. बातम्या आल्या तशी मला कळमनुरीकडच्या एका वस्तीवरून ओळखीच्या बाईचा फोन आला. सरकार कोंबड्या नेणार का, हे तिने विचारलेच. मी सांगितले, उदगीर लांब आहे, तुमच्याकडे तसे काही नाही. मग ती म्हणाली, “मग ती मानमोडीची लस तरी देता का?” मी जुन्या सहकाऱ्याला विचारले. तालुक्याच्या फ्रीजमध्ये कुपी होती, शंभर मात्रांची. वस्तीवर कोंबड्या बावीस होत्या.